फुकट मदतीचा पगार कोण देतो?

आयकराचे रिटर्न भरायला सरकार एक पैसाही फी घेत नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅन क्रमांकाने नोंदणी करावी, बऱ्याच अंशी आधीच भरून ठेवलेला फॉर्म तपासावा आणि आधारवरच्या ओटीपीने शिक्कामोर्तब करावे, इतके ते साधे असल्याचे जाहिराती सांगतात. सर्वांत सोप्या फॉर्मचे नावच ‘सहज’ आहे. तरीही जुलै उजाडला की कर सल्लागारांच्या दारात फायली घेऊन माणसे उभी राहतात, आणि त्यांत पगार किंवा पेन्शन यापलीकडे फारसे उत्पन्न नसलेलीही पुष्कळ असतात. ३१ जुलै २०२४ या मुदतीपर्यंत देशात ७ कोटी २८ लाख रिटर्ने दाखल झाली, त्यांतली ३ कोटी ३४ लाख ‘सहज’ फॉर्मवरची होती. म्हणजे जवळजवळ निम्म्या करदात्यांचा मामला खात्याच्याच मते सरळ आहे. या सरळ मामल्यासाठी पैसे न मोजता मदत कुठे मिळेल, असा प्रश्न साधारणपणे विचारला जातो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न जास्त उपयोगी आहे. मदत करणाराही शेवटी कशावर तरी जगतो. मग तुम्ही पैसे देत नसाल तर त्याला कोण देतो, आणि नेमके कशाबद्दल? फुकट मदतीचे जितके प्रयोग आजवर झाले, त्यांचे यश आणि अपयश या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरले आहे.

आधी मुळात मदत मागणे हा लाचारीचा भाग नाही, हे स्पष्ट करायला हवे. आयकर हा करदात्याने स्वतः जाहीर करायचा कर आहे. उत्पन्न किती, त्यातून वजा काय होते, कर किती, हे सगळे नागरिकाने मांडायचे आणि चुकले तर भुर्दंडही त्यानेच सोसायचा. कारकुनी कामाचा हा बोजा सरकारने स्वतःच्या खांद्यावरून नागरिकाच्या खांद्यावर ठेवलेला आहे. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये चांगल्या कराच्या चार कसोट्या सांगितल्या. समानता, निश्चितता, सोय आणि काटकसर. काटकसरीत त्याने केवळ वसुलीचा खर्च धरला नाही. लोकांना होणारा त्रासही खर्चासारखाच मोजला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे ऑगस्ट २०२० मध्ये करदात्यांची सनद जाहीर झाली, तिच्यातही नियमपालनाचा खर्च कमी करण्याचे वचन आहे. ब्रिटनने १९४४ पासून पगारातूनच वर्षाचा नेमका कर कापण्याची पद्धत बसवली आणि बहुसंख्य नोकरदारांना रिटर्न भरण्यापासूनच मोकळे केले. आपण तसे केले नाही. ज्या राज्यव्यवस्थेने हिशेब नागरिकावर सोपवला, तिच्यावर तो हिशेब समजावून देण्याची जबाबदारीही येते.

आता गरज नेमकी कुणाला आणि किती असते, ते एका उदाहरणावरून पाहू. माणूस कल्पित, नियम खरे, वर्ष २०२५-२६. सांगली जिल्ह्यातल्या एका ६८ वर्षांच्या विधवा बाईंना महिना १८,००० रुपये फॅमिली पेन्शन आहे, म्हणजे वर्षाला २,१६,०००. नवऱ्याच्या ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे आणि तिचे वर्षाचे व्याज १,२०,००० येते. ज्येष्ठ नागरिकाचे एका बँकेतले व्याज लाखावर गेले की बँक टीडीएस कापते. तसे १० टक्क्यांनी १२,००० रुपये कापले गेले. आता खरा हिशेब पाहा. फॅमिली पेन्शन ही ‘पगार’ या सदरात येत नाही, ‘इतर उत्पन्न’ या सदरात येते. त्यामुळे साध्या पेन्शनरला मिळणारी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट इथे लागू नाही. नव्या करप्रणालीत तिच्या जागी २५,००० रुपयांची वेगळी वजावट आहे. ती काढली की उरले ३,११,०००. नव्या प्रणालीत ४,००,००० पर्यंत करच नाही. बाईंचा कर शून्य, आणि कापलेले १२,००० पूर्णच्या पूर्ण परत मिळायला हवेत. त्यांच्यावर रिटर्न भरण्याची सक्तीसुद्धा नाही. पण रिटर्न भरल्याशिवाय रिफंड मिळत नाही. ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. ती तारीख उलटली की काम अवघड होते, कारण पुढे चार वर्षांपर्यंत भरता येणारे अद्ययावत रिटर्न रिफंड मागण्यासाठी चालत नाही. विलंब माफ करा म्हणून वेगळा अर्ज करावा लागतो. आणि गंमत अशी, की वर्षाच्या सुरुवातीला बँकेत १५ एच हा फॉर्म भरून दिला असता तर ते १२,००० कापलेच गेले नसते. म्हणजे सर्वांत मोलाची मदत एप्रिलमध्ये बँकेच्या काउंटरवर हवी होती, तीही पाच मिनिटांची. ती देण्यात कुणाचीही मिळकत नाही, म्हणून ती सहसा कुणी आपणहून देत नाही.

याच बाई जुलैमध्ये एखाद्या एजंटाकडे गेल्या, तर तो बहुधा म्हणेल, आत्ता काही देऊ नका, रिफंड आला की त्यातले इतके टक्के द्या. ऐकायला हे फुकटच वाटते. खिशातून काही जात नाही, आणि सरकारकडून आलेल्या पैशातला वाटा देताना दुखतही नाही. पण ज्याची कमाई रिफंडच्या आकड्यावर ठरते, त्याचे हित रिफंड वाढवण्यात आहे, तो बरोबर काढण्यात नाही. बाईंच्या बाबतीत फार तर हजार-बाराशे रुपये नाहक जातील. पण कारखान्यातल्या कामगाराच्या, शिक्षकाच्या, जवानाच्या रिटर्नमध्ये मग न भरलेले घरभाडे येते, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी येते, घरात कुणालाही नसलेला आजार येतो. हा काही कल्पनेचा खेळ नाही. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी अशा मध्यस्थांविरुद्ध तपासणीची मोहीम उघडली, आणि ज्या राज्यांचा उल्लेख खात्याने केला त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्ने दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. चुकीची माहिती दिल्याबद्दल बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि तो एजंटाला नाही, ज्याच्या नावाने रिटर्न आहे त्याला. वाटा घेऊन एजंट केव्हाच नामानिराळा झालेला असतो.

सरकारला हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. २००६ मध्ये त्याने स्वतःच एक चांगली कल्पना राबवली होती. कायद्यात नवे कलम घातले, पदवीधर तरुणांना प्रशिक्षण दिले, त्यांना ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ असे नाव आणि ओळखपत्र दिले. छोट्या करदात्याच्या घरी जाऊन त्यांनी रिटर्न भरून द्यावे, त्याच्याकडून जास्तीत जास्त २५० रुपये घ्यावेत, आणि उरलेला मोबदला सरकारने द्यावा, अशी ती योजना. कागदावर हिला खोट काढणे कठीण होते. मोबदल्याच्या सूत्रात मात्र पाणी मुरत होते. करदात्याने भरलेल्या कराच्या पहिल्या वर्षी ३ टक्के, दुसऱ्या वर्षी २ टक्के आणि तिसऱ्या वर्षी १ टक्का, असा तो मोबदला होता. सरकारची नजर नवे करदाते आणि नवा कर मिळवण्यावर होती, म्हणून सूत्रही तसेच बनले. पण ज्याचा कर शून्य त्याच्या शून्याचे तीन टक्के किती होतात? आपल्या सांगलीच्या बाईंसारख्या, ज्यांना कर भरायचा नसून परत मिळवायचा आहे, अशांकडे फिरकण्याचे त्या तरुणाला काहीच कारण उरले नाही. आणि मोठा कर भरणारा माणूस आधीपासून सीएकडे जातच होता. शिवाय टक्का दर वर्षी घसरत गेला, म्हणजे जुना ग्राहक सांभाळण्यापेक्षा नवा शोधणे फायद्याचे. एजंटाचे गणित रिफंडावर चालते, या तरुणाचे करावर चालले. दोन्हीकडे छोट्या माणसाची गरज गणिताबाहेर राहिली. ही योजना बाळसे धरू शकली नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही.

याच प्रश्नावर सर्वांत जास्त प्रयोग अमेरिकेने केले आहेत, आणि तिथे तीन प्रकारचे दाते एकाच काळात पाहायला मिळतात. १९६९ पासून तिथे स्वयंसेवकांचा एक कार्यक्रम चालतो. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘विटा’ म्हणतात. ग्रंथालयांत, समाजकेंद्रांत हंगामापुरती टेबले मांडली जातात, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या माणसांची रिटर्ने तिथे विनामूल्य भरून मिळतात. स्वयंसेवकाला आधी करखात्याची परीक्षा द्यावी लागते, आणि त्याने भरलेले प्रत्येक रिटर्न दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. मोबदला शून्य, म्हणून आकडा फुगवण्याचा मोहही शून्य. दुसरा प्रयोग २००३ च्या हंगामात आला. सॉफ्टवेअर कंपन्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांना फुकट सेवा द्यायची आणि त्या बदल्यात करखात्याने स्वतःची फुकट सेवा काढायची नाही, असा तो करार. ज्याचा धंदाच रिटर्न भरून देण्याचा, त्याला फुकटची खिडकी उघडी ठेवण्यात काय रस असणार? कंपन्यांनी ती पाने शोधयंत्रांना सापडणार नाहीत अशी व्यवस्था केल्याचे २०१९ मध्ये शोधपत्रकारांनी बाहेर काढले, आणि २०२२ मध्ये ‘इंट्यूट’ या बड्या कंपनीने पन्नासही राज्यांशी तडजोड करून १४ कोटी १० लाख डॉलर द्यायचे कबूल केले. फुकटात भरता आले असते अशा सुमारे ४४ लाख लोकांसाठी. तिसरा प्रयोग सरकारी. २०२४ मध्ये करखात्याने स्वतःची थेट सेवा १२ राज्यांत सुरू केली, पुढच्या वर्षी ती २५ राज्यांत नेली, आणि २०२६ च्या हंगामासाठी बंद केली. सरकारी तिजोरीतून चालणारी मदत आकडे वाकवत नाही, पण सरकार बदलले की तिचे दार बंद होऊ शकते. या तिन्हींत साठीकडे झुकलेला स्वयंसेवकांचा कार्यक्रम टिकून आहे. (पुण्या-मुंबईहून तिकडे शिकायला गेलेल्या मुलांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच वर्षे बहुधा अनिवासी धरला जातो, त्याचा फॉर्म वेगळा असतो, आणि भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. विटाचे प्रत्येक केंद्र हे काम हाती घेत नाही, म्हणून आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारावे.)

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. आता फॉर्म आधीच भरलेला मिळतो, मग मदतनीस हवाच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२१ पासून मिळू लागलेले वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडले की आपले व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री असे बरेच काही तिथे मांडलेले दिसते. कोणत्या प्रणालीत कर किती, हेही संकेतस्थळ दोन्हीकडचे करून दाखवते. पण यंत्राला जे कळवले गेले तेच ते दाखवते. पती-पत्नीच्या संयुक्त ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावावर लागते, मग पैसे कुणाचेही असोत. चार भावंडांनी वडिलोपार्जित जमीन मिळून विकली, तर दस्ताची पूर्ण रक्कम एकेकाच्या नावापुढे दिसू शकते. उलट गावच्या पतसंस्थेने दिलेले व्याज तिथे असेलच असे नाही, आणि नसले तरी ते करपात्र आहेच. शेतीचे उत्पन्न तर कुणीच कळवत नाही. ते ५,००० रुपयांच्या वर असेल तर ‘सहज’ फॉर्म चालतच नाही, ही गोष्ट गावाकडे जमीन असलेल्या कितीतरी निवृत्त शिक्षकांच्या गावीही नसते. एआयएसमधली चूक तिथल्या तिथे नोंदवून कळवण्याची सोय आहे. पण चूक आहे हे आधी ओळखता आले पाहिजे. म्हणजे मदतीचे स्वरूप बदलले आहे. पूर्वी फॉर्म भरून देणारा हात हवा होता, आता भरलेला फॉर्म वाचून ‘हे बरोबर नाही’ म्हणणारा डोळा हवा आहे.

दुसरा आक्षेप जास्त मुरलेला आहे. कर वसूल करणाऱ्यानेच कर कमी करण्याचा सल्ला द्यावा, ही अपेक्षा भाबडी नाही का? अमेरिकेत सरकारी सेवेला विरोध करणाऱ्यांचाही हाच मुद्दा होता. त्यात थोडे खरे आहे. खात्याचे संकेतस्थळ बेरजा अचूक करील, पण तुमच्या आजारी आईवरचा खर्च कोणत्या कलमात बसतो, हे आपणहून विचारणार नाही. मात्र यातून सरकारी मदत नको, असे निष्पन्न होत नाही. तिला जोडीला तटस्थ माणूस हवा, इतकेच निष्पन्न होते. शिवाय जिथे वजावटीच फार थोड्या उरल्या आहेत, अशा नव्या प्रणालीतल्या साध्या पेन्शनरच्या बाबतीत हितसंबंधांची ही टक्कर जवळजवळ नाहीशी होते. सरकारने ७५ वर्षांवरच्या काहींना रिटर्नमधूनच सोडवले, तेही याच तर्काने. पेन्शन आणि ठेवीचे व्याज एकाच बँकेतून येत असेल, तर बँकेकडे एक प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि बँकेनेच कर काढून भरायचा, असे २०२१ पासूनचे कलम १९४-पी सांगते. अट मात्र एवढी अरुंद, की दुसऱ्या बँकेत किंवा पतसंस्थेत एखादी ठेव असली तरी माणूस त्यातून बाहेर पडतो. आणि सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवणारे आजोबा महाराष्ट्रात शोधावे लागतील.

ज्यांना उत्पन्न आहे त्यांनी पाचशे-हजार रुपये फी द्यावी, त्यांच्यासाठी इतरांनी का झिजावे, असेही विचारले जाते. ज्याला व्यवसाय आहे, दोन घरे आणि शेअरची उलाढाल आहे, त्याने सीएची फी जरूर द्यावी. त्या ज्ञानाचे ते मोल आहे, आणि नोटीस आली तर दुसऱ्याकरवी बाजू मांडायलाही अधिकृत प्रतिनिधीच लागतो. पण सांगलीच्या बाईंची फी ही कर नसलेल्या माणसाने, आपलाच अडकलेला पैसा सोडवण्यासाठी मोजलेली रक्कम आहे. तिला उत्पन्नावरचा खर्च म्हणणे जिवावर येते.

मग सध्या जायचे कुठे? आयकर कार्यालयांत आयकर सेवा केंद्र आणि जनसंपर्क अधिकारी असतात, मुंबईत महर्षी कर्वे रोडवरच्या आयकर भवनापासून जिल्ह्याच्या कार्यालयांपर्यंत. ते रिटर्न भरून देत नाहीत, पण अडलेला रिफंड, पॅनची चूक, तक्रार यांसाठी त्यांच्याकडे जाण्यात संकोच नसावा. संकेतस्थळाची मदतवाहिनी १८०० १०३ ००२५ या क्रमांकावर आहे. फॉर्म १६ चा अर्थ विचारायची जागा म्हणजे कार्यालयाचा लेखा विभाग किंवा कोषागार, कारण कापाकापी त्यांनीच केलेली असते. करदात्याची बाजू ऐकणारा स्वतंत्र आयकर लोकपाल २००३ पासून होता. २०१९ मध्ये तो मोडीत काढला, आणि हे नुकसान फारसे कुणी बोलून दाखवले नाही. एक दार मात्र क्वचितच ठोठावले जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातल्या ‘कायदेशीर सेवा’ या व्याख्येत कोणत्याही कायदेशीर बाबीवरचा सल्ला येतो, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी तिला पात्र आहेत. खात्याची नोटीस हाती पडलेल्या बाईने जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला हरकत नाही. खासगी ॲपचा फुकट भागही वापरता येईल, मात्र तिथे तुमचा पगार, कर्ज आणि विमा यांची माहिती हीच फी असते, आणि तिच्या जोरावर पुढे काय काय विकले जाईल ते फोन वाजू लागले की समजते. आणि महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये आहेत, गावोगावी वाणिज्य महाविद्यालये आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत. एप्रिलमध्ये १५ एचसाठी आणि जुलैमध्ये रिटर्नसाठी, परीक्षा घेतलेले स्वयंसेवक आणि दुसऱ्याची तपासणी एवढ्या दोन अटींवर तिथे टेबले मांडायला सरकारला टक्केवारी द्यावी लागणार नाही. प्रशिक्षण आणि मान्यता तेवढी द्यावी लागेल.

या प्रकरणातले फॉर्मचे आणि कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा २०२५ च्या आयकर कायद्याकडे आली आहे, तेव्हा क्रमांक नव्याने पाहून घ्यावेत. एक खबरदारी मात्र दोन्ही कायद्यांत सारखीच लागेल. मदत कुणाचीही घ्या, संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात मोबाइल आणि ईमेल तुमचाच हवा. २०२५ च्या तपासणीत उघड झालेल्या प्रकारांत मध्यस्थांनी रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढलेले होते. खात्याच्या सूचना तिथेच जाऊन पडत होत्या, आणि ज्याच्या नावाने त्या होत्या त्याला पत्ताही नव्हता. रिटर्न दाखल झाल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर ते भरलेच नाही असे धरले जाते. त्या पडताळणीचा ओटीपी मदतनीसाला फोनवर सांगण्याआधी भरलेल्या रिटर्नची प्रत मागून घ्यावी, आणि वजावटींच्या रकान्यात आपण कधी न दिलेली एखादी देणगी तर नाही ना, हे पाहून घ्यावे.